मधला ठिपका

सुपडू कोळीच्या कपाळावर
मी रबरी पट्ट्यानं लाल उजेडाची टॉर्च बांधते.
समोर भिंतीवर कागद, कागदावर वर्तुळं,
मध्ये पेनानं काढलेला ठिपका.
बाहेर सावद्याच्या स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर
केळीच्या ट्रका हॉर्न देतात.

डोळे मिटा.
मान डावीकडे. अजून. थांबा.
आता जिथून निघालात तिथं परत या.

तो परत येतो. ठामपणे येतो.
म्हणतो, "आलो."
लाल उजेड शेजारच्या कॅलेंडरवर पडलेला,
मे महिन्यातल्या कुठल्याशा मंगळवारावर.

मी मोजते. नऊ अंश.
"नऊच?"
आमच्याकडं अंश म्हणजे ऊन.
चव्वेचाळीस, सेहेचाळीस, त्याच्या खाली
कुणी विचारत नाही.

एक्स-रे खिडकीच्या काचेला लावून दाखवते:
गाद्या सुकल्यात, पाचवा मणका सहाव्यावर बसलाय,
कडेनं हाडाला काटे फुटलेत.
"काटे? मापाचे, का टोचाचे?"
आणि स्वतःच हसतो, मान न हलवता.

मी सांगते, केस संपतात तिथं, कवटीखाली,
बोटाएवढे स्नायू असतात.
डोकं कुठं आहे, किती कललंय,
ही खबर तिथून निघते, तेव्हा पाय उभे राहतात.
सांधा झिजला की खबर बिघडते.
डोळे एक सांगतात, कान एक, मान तिसरंच.
उजेड असला तर डोळ्यांचं चालून जातं.

"आन लाइट गेली तं?"

लाइट गेली तर काय, ते त्यालाच ठाऊक.
खाट आणि पाण्याच्या टाकीमधल्या चार पावलांत
तो दोनदा पडलाय.
दुसऱ्यांदा वच्छलाबाईनं कंदील आणेपर्यंत
भिंत कुठल्या बाजूला आहे ते त्याला सांगता येईना.
सकाळी गल्ली म्हणाली, सुपडू प्यायला लागला.
ते सांगताना तो
माझ्याकडं नाही, कॅलेंडरकडं बघतो.

मग आपणहून म्हणतो:
"फयी नऊ इंची. एक टोक भुईले, एक ट्रकले.
डोक्यावर घड. खाली पाह्यलं तं घड पडते.
तीस वर्सं मी मायेच पाय पाह्यले नही, ताई."

मग कळायचं कसं, फळी कुठं संपते?

तो उत्तर शोधत बसतो.
हात मागं नेतो, मानेवर ठेवतो,
बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा.
"हिले समजे. मले नही. हिले."

पिशवीतून चुंबळ काढतो.
जुन्या लुगड्याची, केळीच्या चिकानं काळी, कडक झालेली.
मी नको म्हणायच्या आत डोक्यावर ठेवतो.
वजन असेल पावशेर.
डोळे मिटतो. मान डावीकडे. परत.

लाल उजेड कॅलेंडरवरून सुटतो,
भिंतीचा पोपडा ओलांडतो, कागदावर चढतो,
ठिपक्याच्या दोन बोटं अलीकडं
थरथरत थांबतो.

माझ्या फॉर्ममध्ये चुंबळीचा रकाना नाही.
मी नऊ खोडत नाही, खाली चार लिहिते,
पुढं काय लिहावं सुचत नाही.

"मधेच आहे ना?"
जवळपास.
"तुमचा कागदच तिरपा लावेल आहे."
बघते तर खरंच,
चिकटपट्टी एका कोपऱ्यातून सुटलेली.

उद्यापासून रोज दहा वेळा,
भिंतीला पाठ लावून, दिवसाउजेडी.
घड उचलायचा नाही.
तो हो म्हणतो. नाही असंही म्हणतो, त्याच आवाजात.

दाराबाहेर दोन पायऱ्या.
पहिलीवर तो थांबतो,
खाली बघतो, चपलांत कुणा दुसऱ्याचे पाय असावेत तसं.
उतरतो एक. मग दुसरी.
रस्त्यावर हॉर्न वाजतो.
मान वळवत नाही, सगळाच्या सगळा वळतो,
खांद्यापासून टाचेपर्यंत एक खांब,
आणि ट्रक दिसायच्या आधी सांगतो:
"मुख्तारची. पाटे लवकर झुकेल आहेत मागून.
लय भरली."